पाहुण्यांचे गाव, रहिवाशांचे नियम

आपल्या राहत्या घरातली एखादी खोली परगावच्या माणसास दोनचार दिवसांसाठी द्यावी आणि त्याबद्दल चार पैसे घ्यावेत, ही चाल आपल्या देशाला नवी नाही. आषाढी-कार्तिकीला पंढरपुरात उतरणारा वारकरी मठात, धर्मशाळेत, नाहीतर गावातल्या एखाद्या घराच्या ओसरीवर आपले बिऱ्हाड मांडीत आला. नाशिक-त्र्यंबकेश्वरी क्षेत्रोपाध्यायाच्या वाड्यात यजमानाच्या उतरण्याची सोय असे, आणि घराण्याच्या वहीत आजोबा-पणजोबांच्या नावाखाली नातवाचे नाव नोंदले जाई. पाहुणा चार दिवस राही, दक्षिणा देई आणि निघून जाई. घरधनी मात्र त्याच वाड्यात राहत असे. पाहुण्यांनी रात्री गोंधळ घातला तर प्रथम त्याची झोप मोडे. पाहुण्यांनी विहिरीचे पाणी नासले तर तेच पाणी त्याला प्यावे लागे. या व्यवहारावर अंकुश होता तो कायद्याचा नव्हे, एका छपराखालच्या सहवासाचा होता.

कायदा आला तो मागाहून. १८६७ साली इंग्रज सरकारने हिंदुस्थानातील सरायांसाठी एक कायदा केला. जिल्ह्याच्या मॅजिस्ट्रेटने सरायांची नोंदवही ठेवावी, सरायवाल्याने जागा व पाणी स्वच्छ राखावे, असा त्याचा साधारण आशय. पुढे चारच वर्षांनी, १८७१ साली, जगन्नाथपुरीच्या यात्रेकरूंसाठी बंगाल सरकारने निवासगृहांचा स्वतंत्र कायदा केला. यात्रेत पटकीची साथ उसळे आणि परतणाऱ्या यात्रेकरूंबरोबर ती वाटेवरच्या गावांत पसरे; म्हणून घराला परवाना आणि घरात किती माणसे उतरवावीत याला मर्यादा, अशी व्यवस्था करण्यात आली. हे दोन्ही कायदे त्या काळाच्या मानाने शहाणपणाचे होते. परंतु ज्या गल्लीत ही घरे आहेत त्या गल्लीतल्या माणसाला काही विचारावे, ही कल्पना मात्र त्यांत कोठेही नव्हती. आणि खरे सांगायचे तर ती असण्याचे कारणही नव्हते. परक्या राज्यात हुकूम वरूनच यायचा.

आज हाच व्यवहार निराळ्या रूपाने पुढे आला आहे. २००८ साली सॅन फ्रान्सिस्को येथे एअरबीएनबी ही कंपनी निघाली. आरंभी तिची कल्पना आपल्या जुन्या चालीच्या जवळचीच होती. घरातली रिकामी जागा पाहुण्याला द्यावी, एवढेच. परंतु घराची छायाचित्रे, दर, मोकळे दिवस हे सारे पडद्यावर दिसू लागले आणि भाडे आगाऊ जमा होऊ लागले, तेव्हा घरमालकाने त्या घरात, किंबहुना त्या गावात, राहण्याची गरजच उरली नाही. मुंबईत बसून मालवणचे घर आणि दिल्लीत बसून मनालीचे घर रात्रीच्या हिशेबाने भाड्याने देता येऊ लागले. घर तेच, पाहुणा तोच. मधला घरधनी तेवढा नाहीसा झाला. त्याच्याबरोबर तो शेजाराचा अंकुशही गेला. या एका बदलातून आजचे बहुतेक तंटे निघाले आहेत.

मोठ्या शहरात हे तंटे गर्दीत विरून जातात. लहान गावात ते विरत नाहीत. समजा, एखाद्या गावात हजार घरे आहेत. त्यांतली शंभर घरे वर्षभर पाहुण्यांसाठी राखली गेली, तर वरवर पाहता दहांतले एकच घर गेले. परंतु उरलेल्या नऊशेंतली बहुतेक घरे मालकांची स्वतःची राहती असतात. भाड्याने मिळण्याजोगी घरे मुळातच दीडदोनशे असतील, तर त्यांतली निम्मीअधिक गेली असा त्याचा अर्थ होतो. मग शाळेवर नव्याने नेमलेल्या शिक्षकाला बिऱ्हाड मिळत नाही, दवाखान्यातली परिचारिका तीस मैलांवरून ये-जा करते, आणि ज्या उपाहारगृहाचा पाहुण्यांवर चरितार्थ चालतो त्याच उपाहारगृहाला नोकर मिळेनासे होतात. टक्केवारीच्या आकड्याला भुलू नये, हे येथे ध्यानात ठेवावे लागते.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. नवऱ्यामागे मोठे घर एकटीने सांभाळणाऱ्या बाईला वरच्या दोन खोल्यांच्या भाड्यावर छपराची डागडुजी करता येते. कोकणात मासेमारीचे दिवस सरले की ज्या कुटुंबाच्या हाताला काम नसे, त्याच्या अंगणात आता पाहुणे जेवतात. सरकारही या धंद्याला हात देत आले आहे. २०२५ सालच्या केंद्रीय अंदाजपत्रकात होमस्टेसाठी मुद्रा कर्जे देण्याची घोषणा झाली. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची जी न्याहारी-निवास योजना आहे तिच्यात एक ते सहा खोल्यांपर्यंतच्या, म्हणजे जास्तीत जास्त बारा खाटांच्या, घरांना मान्यता मिळते, आणि मालकाने आपल्या कुटुंबासह त्याच घरात राहावे ही तिची मुख्य अट आहे. म्हणजे जुन्या वाड्याचा घरधनी या योजनेत अटीच्या रूपाने परत आणला आहे असे म्हणता येईल.

तेव्हा प्रश्न पाहुणे हवेत की नकोत, असा नाही. किती घरे, कोणत्या भागात, कोणाच्या मालकीची, आणि कोणत्या शर्तींवर, असा तो आहे. आणि या शर्ती कोणी ठरवाव्यात, हा त्याच्या पोटातला प्रश्न आहे. जगातल्या काही लहान गावांनी गेल्या दहा वर्षांत याचे उत्तर रहिवाशांना विचारून शोधण्याचा प्रयत्न केला. त्या प्रयत्नांची हकीकत उद्बोधक आहे, कारण ती सरसकट यशाची नाही.

अमेरिकेच्या ईशान्य टोकाला मेन नावाचे संस्थान आहे. त्याच्या किनाऱ्यालगत एका बेटावर बार हार्बर हे सुमारे पाच हजार वस्तीचे गाव वसले आहे. गावाला लागून अकेडिया हे राष्ट्रीय उद्यान आहे आणि २०२१ साली त्या उद्यानाला ४० लाखांवर लोकांनी भेट दिली. पाच हजारांच्या गावाच्या दारावरून वर्षाकाठी ४० लाख माणसे जात असतील तर त्या गावातल्या घराची किंमत काय होईल, हे सांगावयास नको. उद्यानामुळे आणि समुद्रामुळे गावाला वाढण्यास जागाही थोडी.

त्या मुलखात एक जुनी प्रथा आहे. गावच्या महत्त्वाच्या ठरावांवर प्रतिनिधींनी नव्हे, तर गावच्या मतदारांनी स्वतः मत द्यायचे. आपल्या ग्रामसभेची ती दूरची बहीणच म्हणावी. फरक इतकाच की तेथील ठराव बंधनकारक असतो आणि जमिनीच्या वापराचे नियमही त्या मतानेच बदलतात. बार हार्बरमध्ये आधी मसुदा तयार झाला, त्यावर जाहीर सभांमधून भवति न भवति झाली, आणि २०२१ च्या नोव्हेंबरात तो मतास टाकण्यात आला. बाजूने १,२६० आणि विरुद्ध ८४० मते पडली.

या नियमाची घडण बारकाईने पाहण्यासारखी आहे. त्यात भाड्याच्या घरांचे दोन वर्ग केले. मालक स्वतः जेथे राहतो त्या आवारातली जागा हा पहिला वर्ग. त्याला संख्येची मर्यादा नाही. मालक जेथे राहत नाही असे सबंध घर हा दुसरा वर्ग. अशा घरांचे प्रमाण गावातील एकूण घरांच्या ९ टक्क्यांवर जाऊ नये. ज्यांचा धंदा आधीपासून चालू होता त्यांचा परवाना काढून घेतला नाही; मात्र त्यांनी तो वेळच्या वेळी नवा करून घ्यावा, आणि घर विकले तर परवाना नव्या मालकाकडे जाऊ नये. म्हणजे आज कोणाच्याही तोंडचा घास काढायचा नाही, पण पुढच्या खरेदीदाराने परवान्याच्या आशेवर घराला चढी किंमत देऊ नये, अशी ही तोड होती. माझ्या मते तिचे खरे मर्म ९ च्या आकड्यात नाही. घरात राहणारा मालक आणि न राहणारा मालक यांना वेगळे काढण्यात ते आहे. गावकऱ्यांचा राग पाहुण्यांवर नव्हता, रिकाम्या खिडक्यांवर होता. आणि ही गोष्ट कचेरीत बसून कळली असतीच असे नाही.

आता याच्या उलट एक उदाहरण पाहू. कॅलिफोर्नियात डोंगरांनी वेढलेल्या एका विस्तीर्ण सरोवराच्या काठी साउथ लेक टाहो हे वीसएक हजार वस्तीचे शहर आहे. हिवाळ्यात बर्फावरचे खेळ आणि उन्हाळ्यात सरोवर, असे बारमाही पाहुणे. तेथील नगरसमितीने सुट्टीच्या घरांसाठी परवाने, मर्यादा, दंड असे उपाय योजले होते; परंतु ते अपुरे आहेत असे म्हणून काही नागरिकांनी सह्या गोळा केल्या आणि स्वतःचा मसुदा २०१८ च्या नोव्हेंबरात थेट मतास लावला. निवासी भागातली अशी भाडेगृहे २०२१ अखेर बंद व्हावीत. कायम रहिवाशाला मात्र आपले घर वर्षातून तीस दिवसांपर्यंत भाड्याने देता यावे, असा तो मसुदा. तो अवघ्या ५८ मतांनी मंजूर झाला.

कायद्याच्या दृष्टीने ५८ मते आणि ५,८०० मते यांत फरक नाही. गावाच्या दृष्टीने मात्र अर्धे शहर एकीकडे आणि अर्धे दुसरीकडे राहिले. त्यात आणखी एक अडचण होती. मतदारांनी थेट मंजूर केलेला नियम कॅलिफोर्नियात नगरसमितीला आपल्या अधिकारात बदलता येत नाही. त्यासाठी पुन्हा मतदारांकडे जावे लागते. त्यामुळे मसुद्यातला एखादा शब्द चुकला तर तो सुधारण्याचीही सोय नाही. प्रकरण न्यायालयात गेले, वर्षानुवर्षे चालले, आणि अखेर २०२५ साली न्यायालयाने तो नियम रद्द ठरवला. नियम अडखळला तो नेमका त्या तीस दिवसांच्या सवलतीवर. कायम रहिवाशाला एक न्याय आणि बाहेरच्या मालकाला दुसरा न्याय असा भेद अमेरिकेच्या राज्यघटनेला चालत नाही, कारण संस्थानासंस्थानांमधील व्यापारात परक्याला दुजाभाव दाखवू नये असे तत्त्व तेथील न्यायालये मानतात. न्यू ऑर्लिन्स शहराचा अशाच अटीचा नियम एका वरिष्ठ न्यायालयाने २०२२ सालीच मोडीत काढला होता.

येथे एक बारीक भेद आहे, आणि तो आपल्याकडील नियम करणाऱ्यांनीही पाहण्याजोगा आहे. 'मालक या गावचा आहे काय' असे विचारणे निराळे, आणि 'या घरात मालक राहतो काय' असे विचारणे निराळे. पहिला प्रश्न माणसाची जात लावतो, दुसरा घराचा वापर पाहतो. आपल्या देशात पहिल्या धर्तीचा नियम झाला तर त्याला संविधानाच्या १४ व्या आणि १९ व्या अनुच्छेदांच्या कसोटीला उतरावे लागेल. दुसऱ्या धर्तीची अट तर वर सांगितलेल्या केंद्रीय योजनेत लिहिलेलीच आहे. सभेत लोक बहुधा पहिल्या भाषेत बोलतात, 'बाहेरच्यांनी गाव खाल्ले' असे म्हणतात. ते खोटे नसते; पण त्याचे दुसऱ्या भाषेत रूपांतर करणे हे मसुदा लिहिणाऱ्याचे काम आहे, आणि ते त्याने सभेपुढे, सभेला समजावून सांगून केले पाहिजे.

इंग्लंडात कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर सेंट आइव्झ नावाचे मासेमारीचे जुने गाव आहे. चित्रकारांनी ते नावारूपाला आणले आणि लंडनच्या धनिकांनी तेथे सुट्टीची घरे घेतली. २०११ साली तेथील पार्लमेंटने एक कायदा करून लहान गावांना आपल्या परिसराचा आराखडा स्वतः आखण्याचा अधिकार दिला. त्याची रीत ठरलेली आहे. गावाने प्रारूप तयार करावे, सहा आठवडे ते लोकांपुढे ठेवावे, आलेल्या सूचना विचारात घ्याव्यात, मग त्रयस्थ परीक्षकाने ते तपासावे, आणि शेवटी सार्वमत घ्यावे. सेंट आइव्झच्या आराखड्यात असे कलम होते की यापुढे बांधली जाणारी खुल्या विक्रीची घरे कोणाचे तरी मुख्य निवासस्थान म्हणूनच वापरावीत. २०१६ च्या मे महिन्यात सार्वमत झाले आणि शेकडा ८० हून अधिक मते आराखड्याच्या बाजूने पडली. त्याला न्यायालयात आव्हान देण्यात आले. परंतु त्याच वर्षी उच्च न्यायालयाने ते फेटाळले.

रीत इतकी काटेकोर, आणि तरीही या नियमाला एक मोठी फट राहिली. तो फक्त नव्या घरांना लागू होतो. बंदरालगतच्या अरुंद गल्ल्यांतली जी जुनी दगडी घरे पाहुण्यांना खरोखर हवी असतात, ती त्याच्या कक्षेबाहेरच राहिली. आराखड्याच्या कायद्याने गावाला तेवढीच मुभा दिली होती. लोकांना विचारण्यापूर्वी आपल्या हाती कोणता अधिकार आहे आणि कोणता नाही, हे स्पष्ट सांगावे लागते ते यासाठी. यॉर्कशरमधल्या व्हिटबी या बंदराच्या गावी २०२२ च्या जूनमध्ये असेच मतदान झाले. नवी घरे मुख्य निवासासाठीच असावीत याच्या बाजूने २,१११ आणि विरुद्ध केवळ १५७ मते पडली. परंतु ते मतदान सल्ल्यापुरते होते. त्याने कोणावर काही बंधन आले नाही. इतका स्पष्ट कौल देऊन दुसऱ्या दिवशी काहीच बदलत नाही असे दिसले, तर पुढच्या सभेला माणसे का यावीत?

ऑस्ट्रेलियात बायरन बे येथे तिसरी तऱ्हा झाली. तेथे निर्णय संस्थानच्या सरकारचा होता, परंतु मध्ये एका स्वतंत्र नियोजन आयोगाने २०२३ साली जाहीर सुनावणी घेतली. कोणीही यावे, ठरलेल्या वेळात आपले म्हणणे मांडावे, आणि ते नोंदले जावे. घरमालक बोलले तसे भाडेकरूही बोलले. त्यानंतर आयोगाने केलेल्या शिफारशीवरून, मालक राहत नसलेले घर वर्षाला ६० दिवसांहून अधिक भाड्याने देऊ नये अशी मर्यादा २०२४ च्या सप्टेंबरपासून तेथील बहुतेक भागात लागू झाली. येथे मतदान झाले नाही, हातही वर झाले नाहीत. पण ज्यांचे घर नाही अशांचे म्हणणे सरकारी दप्तरात आले. मतपेटीत सगळ्यांचे वजन सारखे असते हे खरे, तथापि मतपेटीला कारणे कळत नाहीत.

आता आपल्याकडे वळू. रहिवाशांचे मत घेण्याची साधने आपल्या कायद्यात आहेत काय? आहेत, पण त्यांची वाटणी मोठी चमत्कारिक आहे. ७३ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून ग्रामसभेला संविधानात स्थान मिळाले. महाराष्ट्रात तर १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यातच ग्रामसभा आहे. वर्षातून किमान चार सभा व्हाव्यात, आणि मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० माणसे, यांत जी संख्या कमी असेल तेवढी हजर असावीत, असा तिचा दंडक आहे. त्याच वर्षी ७४ व्या घटनादुरुस्तीने शहरांसाठी प्रभाग समित्या आल्या. पण त्या सक्तीच्या कोठे, तर तीन लाख किंवा अधिक लोकसंख्येच्या शहरांत. म्हणजे खेड्याला ग्रामसभा आणि महानगराला प्रभाग समिती. मधल्या लहान शहराला संविधानाने सक्तीचे असे काहीच दिले नाही. २००५ साली सुरू झालेल्या केंद्राच्या नागरी पुनर्निर्माण योजनेने राज्यांना लोकसहभागाचा कायदा करण्याची अट घातली आणि त्यातून क्षेत्रसभेची कल्पना पुढे आली, पण लहान शहरांच्या रोजच्या कारभारात ती रुजलेली नाही.

याचे प्रत्यंतर सिंधुदुर्गात पाहावे. मालवणास नगरपरिषद आहे आणि शेजारच्या तारकर्लीस ग्रामपंचायत. पाहुणे दोन्हीकडे तेच, समुद्रही तोच. तारकर्लीचा मतदार ग्रामसभेत उभा राहून होमस्टेच्या सांडपाण्याविषयी सरपंचाला जाब विचारू शकतो. मालवणच्या रहिवाशाला तसा मंच नाही. त्याने आपल्या नगरसेवकाला गाठावे, नाहीतर मुख्याधिकाऱ्यांना अर्ज द्यावा. माथेरान, महाबळेश्वर, पाचगणी ही पाहुण्यांवर जगणारी गावेही नगरपरिषदांचीच आहेत.

नगरपरिषदेच्या रहिवाशाच्या वाट्याला येते ती 'हरकती व सूचना' नावाची प्रक्रिया. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्याप्रमाणे विकास आराखड्याचे प्रारूप प्रसिद्ध होते आणि हरकतींसाठी तीस दिवसांची मुदत दिली जाते. ही सूचना राजपत्रात व वर्तमानपत्रांत छापून येते. ती वाचून अर्ज करणारा माणूस बहुधा वकील असतो, नाहीतर ज्याच्या जमिनीवरून रस्ता जाणार असतो तो. भाड्याच्या खोलीत राहणारी अंगणवाडीसेविका ती सूचना वाचीत नाही, आणि वाचली तरी तिला वाटते की आपले काही घर नाही, आपली हरकत कसली? शिवाय हरकत मागवली जाते ती प्रारूप तयार झाल्यावर. सेंट आइव्झच्या लोकांना प्रारूप लिहितानाच बोलावले होते. येथे लिहून झाल्यावर विचारले जाते. दोहोंतले अंतर लहान नाही. शिजलेल्या भाताला मीठ कमी आहे एवढेच सांगता येते, तांदूळ बदलता येत नाहीत.

रहिवासी कोणाला म्हणावे, हाही आपल्याकडे सोपा प्रश्न नाही, आणि कोकणात तर तो विशेषच अवघड आहे. चाकरमानी वर्षातले साडेअकरा महिने मुंबईत असतो. गावच्या घराला कुलूप असते. गणपतीत आणि मे महिन्यात तो येतो, देवळाच्या जीर्णोद्धाराला वर्गणी देतो, भाऊबंदकीच्या तंट्यात पक्ष घेतो. त्याचे नाव बहुधा मुंबईच्या मतदारयादीत असते, म्हणून तो ग्रामसभेचा सभासद नाही. पण कुलूप लागलेले ते घर पाहुण्यांना द्यावे की पडू द्यावे, हा निर्णय त्याचाच असतो. उलट बाजूस, उपाहारगृहात राबणारा, होडी चालवणारा, बांधकामावरचा परप्रांतीय मजूर बारा महिने गावातच राहतो, गावचेच पाणी पितो. पण त्याचेही नाव गावच्या यादीत नसते. नियमांचा फटका या दोघांना सर्वांत जास्त बसणार, आणि सभेत या दोघांनाच मत नाही. मत देता येत नसेल तर निदान म्हणणे ऐकावे, यासाठी कोणत्याही कायद्याची परवानगी लागत नाही. गणपतीच्या दिवसांत एक बैठक घेतली की चाकरमानी आपसूक हजर असतो. मजुरांसाठी त्यांच्या सुट्टीच्या दिवशी, त्यांना कळेल अशा भाषेत, त्यांच्या वस्तीवरच जावे लागेल.

बैठकीत काय विचारावे, यालाही महत्त्व आहे. 'होमस्टे असावेत काय?' असे विचारले की सभेचे दोन तट पडतात आणि प्रत्येक जण आपापल्या आळीच्या बाजूने बोलू लागतो. त्यापेक्षा मे महिन्यात तुमच्या आळीत टँकर किती दिवसांनी येतो, शोषखड्डा किती महिन्यांनी भरतो, रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक कोठे वाजतो, गाड्या कोठे लावल्या जातात, असे विचारावे. अशा प्रश्नांची उत्तरे कचेरीत नसतात. नगरपरिषदेच्या दप्तरात घराचे क्षेत्रफळ आणि घरपट्टी असते. कोणत्या वळणावर पाहुण्याची मोठी गाडी अडली की पाण्याचा टँकर मागे फिरतो, हे तेथे राहणाऱ्या बाईलाच ठाऊक असते. आणि अशा उत्तरांतून निघालेले नियमही मोजूनमापून असतात: इतक्या खाटांमागे इतक्या क्षमतेची पाण्याची टाकी, मालक गावात नसेल तर तक्रार आल्यावर तासाभरात पोचू शकेल अशा स्थानिक माणसाचे नाव व फोन क्रमांक दारावर लावलेला, एका आळीत एवढ्याहून अधिक परवाने नाहीत. रात्री दहा ते सकाळी सहा हा शांततेचा काळ तर २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनीच ठरवून दिला आहे. गावाने तो पुन्हा ठरवण्यात वेळ दवडू नये, अंमल कोण करील तेवढे विचारावे.

परंतु या सर्वांआधी मोजणी हवी. अशी घरे गावात किती आहेत, हे बहुतेक लहान नगरपरिषदांना सांगता येत नाही, कारण पुष्कळ घरे कोठेच नोंदलेली नसतात. गोव्यात पर्यटन व्यवसायाच्या नोंदणीचा कायदा १९८२ पासून आहे, आणि परदेशी पाहुणा उतरला तर चोवीस तासांत त्याची खबर देण्याचे बंधन देशभर आहे. तेव्हा नोंदणी ही काही अपूर्व मागणी नव्हे. आकडा नसताना भरलेल्या सभेत एक जण म्हणतो पन्नास घरे, दुसरा म्हणतो तीनशे, आणि ज्याचा आवाज मोठा त्याचा आकडा खरा ठरतो. नोंदणी स्वस्त व सोपी ठेवावी, पहिल्या वर्षी दंड करू नये. लोकांना भीती असते ती व्यापारी दराच्या घरपट्टीची आणि वीजबिलाची. दोन खोल्यांच्या घरधनिणीला हॉटेलाचा दर लागणार नाही, एवढे स्पष्ट लेखी सांगितले तर नोंदवही पुष्कळ भरेल.

सभेत आलेल्या सूचनांचे पुढे काय झाले, हे न सांगणे हा आपल्याकडचा जुना दोष आहे. अर्जावर 'नोंद घेतली' असा शेरा पडतो आणि अर्जदाराला तेवढ्यावर समाधान मानावे लागते. प्रत्येक मुख्य सूचनेपुढे ती स्वीकारली, बदलून स्वीकारली किंवा नाकारली, आणि का, असे एका ओळीत लिहून ती यादी कचेरीच्या फलकावर लावण्यास फारसा खर्च येत नाही. नाकारलेल्या सूचनेचे कारण वाचून माणूस रागावतो खरा, पण पुढच्या वेळी पुन्हा येतो. नियमाला मुदत घालणेही तसेच उपयोगाचे आहे. दोन हंगाम नियम चालवून पाहावा आणि मग तो पुन्हा सभेपुढे आणावा, असे आधीच लिहून ठेवले तर साउथ लेक टाहोसारखी कोंडी होत नाही. आणि विरुद्ध मत देणाऱ्यालाही आपले म्हणणे कायमचे बुडाले असे वाटत नाही.

मालवणसारख्या नगरपरिषदेने हे मनावर घेतले, तर वर्षाच्या दिनक्रमात ते बसते. पावसाळ्यात पाहुणे कमी, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये घरांची नोंदणी आणि आळीआळींचे आकडे. गणपतीत चाकरमान्यांसह प्रभागवार बैठका. दिवाळीपर्यंत मराठीत सोप्या शब्दांत लिहिलेला मसुदा. त्यानंतर हरकतींसाठी मुदत, तीही नाताळच्या गर्दीपूर्वी संपणारी, कारण त्या पंधरवड्यात ना घरमालकाला सवड असते ना होडीवाल्याला. उत्तरांची यादी जानेवारीत फलकावर लागू शकते. मग नगरपरिषदेचा ठराव, वरची मंजुरी, आणि मे महिन्याच्या पहिल्या पाहुण्याची गाडी गावात शिरण्याआधी दारांवर परवान्याचे क्रमांक.